सात नंबरचं कवच

तोआ पायोह, सिंगापूर
२० मार्च १९९४

प्रिय प्रबोधभाऊजींना सुमित्रावहिनीचा नमस्कार.

तुमचं डर्बनहून टाकलेलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण घरी पाहुणे आलेत. मागच्या बाथरूममध्ये त्यांची सोय केली आहे. दिवसभर दगडाखाली झोपतात आणि दिवे लागले की एकमेकांच्या तंगड्या तोडतात. तुमचे दादा म्हणतात, तुझ्या माहेरच्या मंडळींपेक्षा बरे, निदान टीव्हीचा आवाज मोठा कर म्हणत नाहीत.

खेकडे आहेत, भाऊजी. लगेच तोंडाला पाणी सुटू देऊ नका. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे, तपकिरी, यात रस्साही होणार नाही. पण हा खेकडा या बेटावरचे दोन-चार ओढे सोडले तर जगात कुठेही नाही. त्यातला एक ओढा पुढच्या वर्षअखेर पाइपात घालणार आहेत, वरच्या अंगाला वस्तीचं काम निघालंय. म्हणून तिथल्या माद्या आणायच्या, त्यांची पिल्लं वाढवायची आणि टेकडीपलीकडच्या दुसऱ्या ओढ्यात नेऊन सोडायची, असं विद्यापीठातल्या डॉ. टिओंनी ठरवलंय. त्यांच्याकडे मला दोन वर्षांसाठी अर्धवेळ काम मिळालं, हे तुम्हाला दादांनी फोनवर सांगितलंच असेल. पुण्यात आठ वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि इथे आल्यापासून प्रत्येक फॉर्मवर 'हाउसवाइफ' लिहितेय. फार दिवसांनी हातांना चिखलाचा वास येतोय. मी खूश आहे, हे सरळच सांगते.

विद्यापीठातली खोली एसीने इतकी गारठलेली असते की खेकडे हलायचेच बंद झाले. डॉ. टिओ म्हणाल्या, "सुमित्रा, युअर हाउस नो एअरकॉन, राइट? टेक होम, लाह." घेऊन आले.

यांचं एक विशेष आहे. इतर खेकड्यांसारखी यांची पिल्लं पाण्यात वाहत जात नाहीत. मादी अंडी पोटाखाली धरून ठेवते, त्यातून थेट इवले इवले खेकडेच निघतात, आणि आई जिथे सोडेल तिथेच राहतात. म्हणजे ओढा गेला की हे गेले, आपल्या पायांनी दुसरीकडे जाणं त्यांना जमत नाही. आणखी एक. कवच अंगाबरोबर वाढत नाही. ते लहान पडलं की मागच्या बाजूने डब्याच्या झाकणासारखं उघडतं आणि खेकडा उलटा चालत त्यातून बाहेर येतो. नवं कवच घट्ट होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ असतो, आणि तेवढ्यात शेजारी त्याला खाऊन टाकतात. म्हणून मी प्रत्येकाला आइस्क्रीमचा वेगळा डबा दिलाय. आमच्या गार्गीने महिनाभर आइस्क्रीम खाऊन हातभार लावला.

आता कामाचं. इथल्या नळाच्या पाण्यातलं औषध नुसतं ठेवून उडत नाही. म्हणून मी ओढ्याचं पाणी कॅनमधून बसने आणते. काल ड्रायव्हर ओरडला, "अँटी, धिस वन बस, नॉट वॉटर लॉरी!" तुम्ही जहाजावरचे सेकंड इंजिनिअर, पाण्याचे डॉक्टर. काही तोड सुचवा.

तुमची,
सुमित्रावहिनी


सांतोस बंदर, ब्राझील
१७ एप्रिल १९९४

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार (इंजिनरूमच्या जाळीवर घातलाय, गुडघे काळे झाले आहेत).

वहिनी, अखेर योग्य माणसाला विचारलंत. पाणी म्हणजे माझा प्रांत. आमचा बॉयलर हा अत्यंत नाजूक प्रकृतीचा प्राणी आहे. त्याला जराशी खारट किंवा जड चव लागली की नळ्यांवर खपली धरतो आणि मग सगळ्या जहाजाला रडवतो. त्याला आम्ही समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून पाजतो. त्यात मीठ नाही, चुना नाही, औषध नाही, काही म्हणजे काही नाही. त्याच्याइतकं स्वच्छ पाणी पृथ्वीवर दुसरं नसेल. जो प्राणी अठरा वर्षांत माझ्या हाती एकदाही आजारी पडला नाही, त्याचं पाणी तुमच्या पाहुण्यांना का नको?

दादाला सांगा, त्याच्या कंपनीच्या यार्डात असल्या पाण्याचे कॅन पडलेले असतात. तो आता सूट घालून ऑफिसात बसतो, पण कॅन उचलायला विसरला नसेल. बसवाल्याला माझ्यातर्फे टाटा करा.

पिल्लांचं बारसं कळवा.

तुमचा,
प्रबोध


तोआ पायोह
५ जून १९९४

प्रिय भाऊजी,

पत्र पोचलं. दादांनी कॅन आणले, दोनदा कंबर धरली आणि 'प्रबोधला सांग, तू घरी ये, मग बघतो' असा निरोप दिला आहे.

पिल्लं झाली! पहिल्या मादीने पोटाखालची घडी उघडली तेव्हा आम्ही तिघंही बाथरूमच्या दारात उभे होतो. तीळ सांडावेत तशी टबात पसरली. गार्गी म्हणाली, "आई, सो स्मॉल, हाउ टु सी?" मी भिंग दिलं, तर अर्धा तास हलली नाही.

तुमचं पाणी अगदी नितळ आहे. टबाचा तळ स्वच्छ दिसतो. पिल्लांचं सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन. सध्या गार्गीची परीक्षा आहे, इकडे उकाडाही फार आहे. तुम्ही जेवण वेळेवर घेता ना? नवा आचारी कसा आहे? समुद्र शांत आहे का?

सुमित्रावहिनी


रॉटरडॅम
३ जुलै १९९४

ती. वहिनींना नमस्कार.

समुद्र शांत आहे का, असं तुम्ही बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तेव्हाच पाल चुकचुकली. बंदराला लागल्याबरोबर दादाला फोन केला. तो सांगत नव्हता, पण मी पैसे टाकत राहिलो आणि शेवटी तो बोलला: माझ्या पाण्याने टबच्या टब रिकामे झाले. पिल्लं कात टाकून बाहेर आली, पण त्यांची कवचं घट्ट झालीच नाहीत.

वहिनी, मला राग आलाय. पहिला माझा मलाच आला आणि दुसरा तुमचा. मी काय काचेचं भांडं आहे का, की माझ्यापासून लपवावं? इंजिन बिघडलं तर वॉचची पाळी बदलताना पुढच्या माणसाला तोंडावर सांगायचं असतं, तो पंधरा हजार मैलांवर असला तरी.

सगळ्या इंजिनरूममध्ये मी एकटा फिरत राहिलो आणि मग लक्षात आलं. ते वाफेचं पाणी आम्ही स्वतः पीत नाही! माणसांसाठी ते चुनखडीच्या खड्यांमधून सोडतो, मगच पिण्याच्या टाकीत जातं. मी तुमच्या बाळांना बॉयलरचं पाणी पाजलं, खलाशांचं नाही. कवच चुन्याचं असतं एवढं मला समजायला हवं होतं. त्या पाण्यात चुनखडीचे खडे टाका. आणि काय होतं ते मला खरं खरं लिहा.

तुमचा,
प्रबोध


तोआ पायोह
१४ ऑगस्ट १९९४

प्रिय भाऊजी,

खरं खरं लिहिते. चूक दोघांची आहे. मी प्राणिशास्त्र शिकवलेली बाई, ते पाणी वापरण्याआधी मी विचार करायचा होता. बसचा त्रास वाचला म्हणून मी खूश झाले आणि डोकं खुंटीला टांगून ठेवलं. लपवलं, कारण तुम्ही समुद्रावर एकटे, त्या बातमीचं तिथे करणार काय? पण तुमचं बरोबर आहे. पुन्हा असं करणार नाही.

आता गंमत ऐका. तुमचं पत्र येण्याआधीच मला उपाय मिळाला होता, तोही आमच्याच ब्लॉकच्या खाली. इथे म्हातारी माणसं रविवारी गाणारे पक्षी घेऊन जमतात आणि पिंजरे एका रांगेत टांगून ठेवतात. मी रडकं तोंड घेऊन बाजारातून येत होते. त्यातल्या कोह अंकलच्या पिंजऱ्यात पक्षी एका पांढऱ्या वडीवर चोच घासत होता. बघते तर समुद्रफेस! लहानपणी कान वाहायला लागला की आई उगाळून घालायची तोच. नुसता चुना. तिथल्या तिथे पक्ष्यांच्या दुकानात गेले, पिशवीभर घेतला आणि टबांत टाकला. म्हणजे तुम्ही रॉटरडॅममध्ये आणि मी तोआ पायोहमध्ये एकच औषध शोधलं. दादा म्हणतात, दोघांना एकत्र ठेवलं असतं तर रोग झालाच नसता.

दुसऱ्या मादीची पिल्लं छान आहेत. कात टाकल्यावर दोन दिवसांत अशी घट्ट होतात की डब्यावर पाय आपटल्याचा टकटक आवाज येतो. हा आवाज ऐकत मी भाजी चिरते. आणि एक सांगायचं राहिलं. तुमच्या पाण्यातली एक जगली आहे, एकुलती एक. डावी नांगी गमावून बसली आहे, पण माझं बोट दिसलं की उजवी उगारते. फार भांडखोर आहे. मला ती सगळ्यांत जास्त आवडते.

सुमित्रावहिनी


तोआ पायोह
२६ मार्च १९९५

प्रिय भाऊजी,

काल सोडली.

पहिली खेप अंगठ्याच्या नखाएवढी झाली होती. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर आकडा घातला, गार्गीच्या लाल नेलपॉलिशने. तिने आरडाओरडा केला, मग स्वतःच ब्रश घेऊन बसली, कारण माझे आकडे तिला वाचता येईनात. तुमच्या पाण्यातून वाचलेल्या त्या भांडखोर बाईला सात नंबर मिळाला.

पलीकडचा ओढा सुरेख आहे. झाडी दाट, पाणी गार, दगडांखाली भरपूर कपारी. मी आधी तिथलं पाणी चार वेळा तपासलं, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. दादा पॅन्ट दुमडून पाण्यात उभे होते आणि मी एकेक डबा वाकवत होते. बाकीच्या घाईने दगडाखाली पळाल्या. सात नंबर मात्र मधोमध थांबली, उजवी नांगी उगारली आणि मगच गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले. मुलीला सासरी पाठवताना माणसं का रडतात, ते मला तिथे समजलं.

आता खरी परीक्षा आहे. डॉ. टिओंनी स्पष्ट सांगितलंय: "टबमध्ये वाढवलीस, गुड. बट आउटसाइड कॅन लिव्ह ऑर नॉट, हू नोज?" सप्टेंबरअखेर तिथे एकीच्या तरी जगण्याची खूण मिळाली, तर दुसरी खेपही तिकडे सोडायला परवानगी. नाही मिळाली, तर काम बंद, खोली दुसऱ्या कोणाला, माझी नोकरीही संपली. आणि जुना ओढा तर डिसेंबरात पाइपात जाणारच आहे. म्हणजे दुसऱ्या खेपेला मग जगात जायला जागाच नाही, माझी बाथरूम सोडून.

पण मिळेल खूण. माझी खात्री आहे. ज्या प्राण्याने तुमचं पाणी पचवलं, तो काहीही पचवेल.

सुमित्रावहिनी


तोआ पायोह
२४ सप्टेंबर १९९५

प्रिय भाऊजी,

तुमच्या जहाजावर रुजू व्हायला निघालेला दर्शन हे पत्र आणि बेसनाचे लाडू घेऊन येतोय. खाली टॅक्सी उभी आहे, म्हणून चारच ओळी. सहा महिने दर आठवड्याला दगड उलटे केले, लाल आकड्याचा एकही खेकडा दिसला नाही. आज सकाळी पानांच्या कचऱ्यात सात नंबरचं कवच मिळालं. रिकामं. लाल आकडा तसाच्या तसा. हातात घेतलं आणि मी तिथेच पाण्यात बसून रडले. उद्या डॉ. टिओंपुढे ठेवणार आहे. दर्शन हाका मारतोय.

सु. व.


सुएझ
१५ ऑक्टोबर १९९५

ती. वहिनींना नमस्कार.

दर्शनने पत्र दिलं. लाडवांचा डबा मी दोन दिवस उघडला नाही.

मला सांत्वन करता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आमचे अण्णा गेले तेव्हाही मी पंप दुरुस्त करत बसलो होतो. पण या वेळी लिहितोच. सात नंबर माझ्या पाण्यात वाढली. बाकीच्यांपेक्षा ती आतून कच्ची राहिली असणार, वरून कितीही नांगी उगारो. हे माझ्याकडून झालं. तुम्ही म्हणाल चूक दोघांची, तर तसं म्हणू नका.

आणि आता जे लिहितोय ते मी समोर असतो तर बोललो नसतो. तुम्ही पुण्यातली नोकरी सोडून दादाबरोबर सिंगापूरला निघालात, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. दादाला बढती मिळाली म्हणून. तुमचं काय सुटतंय हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि एक पेढा जास्त मागून घेतला. मग तुम्ही मला बाथरूममधल्या खेकड्यांबद्दल लिहिलंत आणि मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही मुळात कशा आहात. मी पुष्कळ चीफ इंजिनिअरांच्या हाताखाली काम केलं. पण ज्याचा रस्साही होत नाही अशा प्राण्यासाठी बसमधून पाणी वाहणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तुमच्यासारखा एक जण माझ्या इंजिनरूममध्ये असता, तर मी निवांत झोपलो असतो.

काम बंद झालं तरी तुम्ही लहान होत नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. तुमचा दीर तुम्हाला मानतो. दादाला हे पत्र दाखवू नका, तो फोनवर हसेल.

तुमचा,
प्रबोध


तोआ पायोह
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय प्रबोधभाऊजी,

पत्र दादांना दाखवलं. हसले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा वेडा आहे, पण आपला आहे."

आता नीट बसा आणि लाडवांचा डबा उघडा. सात नंबर मेलेली नाही.

माझं पहिलं पत्र तुम्ही सरळ पाण्याच्या परिच्छेदापासून वाचलं असणार, बाकी सगळं बायकी गप्पा म्हणून सोडून दिलं असणार. नाहीतर आठवलं असतं: कवच लहान पडलं की मागून उघडतं आणि खेकडा उलटा चालत बाहेर येतो. मेलेला खेकडा असा सापडत नाही, भाऊजी. तो पाय एकीकडे, पाठ दुसरीकडे असा विखुरतो. हे कवच अख्खं होतं. सगळ्या पायांचे मोजे जागच्या जागी, डोळ्यांवरच्या टोप्यासुद्धा, आणि मागचं झाकण तेवढं उचललेलं. आणि मी रडले ते कशामुळे, सांगू? डाव्या बाजूला, जिथे तिची नांगी तुटली होती तिथे, चिमुकली नवी नांगी फुटलेली होती. म्हणजे कात टाकण्याआधीच त्या ओढ्यात तिची नवी नांगी वाढायला लागली होती, कुणाच्या समुद्रफेसाशिवाय, कुणाच्या टबाशिवाय. मला आनंदाने रडू आलं हो. टॅक्सी खाली उभी होती म्हणून तेवढं एक वाक्य लिहायचं राहिलं. मला वाटलं, तुम्हाला ते समजेलच.

डॉ. टिओही आधी फसल्याच. कवच बघून हळूच म्हणाल्या, "सो, डेड, इज इट?" मी ते चिमट्याने उलटं केलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग घेतलं, मग दाराकडे बघून कोणाला तरी मोठ्याने हाक मारली, आणि शेवटी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या बाईने आजवर कुणाला हातही लावलेला मी पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सगळी प्रयोगशाळा ओढ्यावर. जुने आकडे का दिसत नव्हते तेही उघडच आहे: बाकीच्यांनीही कात टाकली, आकडे गेले त्या कातीबरोबर. मी सहा महिने लाल आकडा शोधत होते आणि त्या बिनआकड्याच्या होऊन, तिथलेच साधे खेकडे वाटाव्यात अशा, माझ्या नाकासमोर दगडाखाली बसल्या होत्या. शिकवणाऱ्या बाईला हे सुचायला हवं होतं. तुमच्यावर हसायचा मला फारसा हक्क नाही.

दुसऱ्या खेपेला परवानगी मिळाली. जुना ओढा पाइपात जायच्या आत, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोडायची. माझं काम आणखी दोन वर्षं वाढलं आहे, आणि या वेळच्या फॉर्मवर मी व्यवसायाच्या रकान्यात 'प्राणिशास्त्रज्ञ' लिहिलं.

आता तुमच्या पत्राबद्दल. माणसाला असलं पत्र सहसा मिळत नाही, आणि मिळालं तरी वाचायला ते माणूस राहिलेलं नसतं. मला सगळं जिंकल्यावर, चहा पिता पिता वाचायला मिळालं. पेढ्याचं वाचून मी थोडी रडले, तेही खरं. कुणीतरी विचारावं असं मला सहा वर्षं वाटत होतं. तुम्ही विचारलंत, उशिरा आणि चुकीच्या कारणाने, पण विचारलंत. आता लाजून ते शब्द परत मागू नका. ते पत्र मी देणार नाही.

दादा म्हणतात, तुमचं जहाज पाच डिसेंबरला इथे येतंय आणि तुम्ही इथेच उतरणार आहात. मग थेट आमच्याकडे या. बादल्या जड आहेत, दादांची कंबर अजून तुमच्या नावाने दुखते, आणि सात नंबरला तुमची भेट घडवायची आहे, ती ओळख दाखवणार नाही तरी. येताना जहाजावरच्या दुकानातून लाल नेलपॉलिशच्या दोन बाटल्या आणा. गार्गीने स्वतःची द्यायला या वेळी साफ नकार दिलाय.

फार टिकाऊ घेऊ नका. त्या मुली वाढणार आहेत.

तुमची,
सुमित्रावहिनी